सर्व्हर पत्ता देतोय, तरी मशीन स्वतःचाच का बनवतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉलेजच्या नेटवर्कवर आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) सुरू केलं, मशीनना पत्ते देणारा डीएचसीपीव्ही६ सर्व्हर उभा केला, राउटरवर ‘पत्ते सर्व्हरकडे मिळतात’ असं सांगणारा एम फ्लॅग (खूण) लावला. तरी लॅबमधल्या विंडोज मशीनवर तीन-तीन पत्ते दिसतात आणि त्यातला एकच सर्व्हरने दिलेला असतो. होस्टेलच्या वायफायवरचे अँड्रॉइड फोन तर सर्व्हरच्या यादीत येतच नाहीत. मग पत्ता स्वतः बनवायचा की सर्व्हरकडून घ्यायचा, हे ठरवतं कोण? आणि सगळ्यांना सर्व्हरचंच ऐकायला लावायचं कसं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, फक्त आवडणारं नाही. ठरवतं ते मशीन. राउटर सुचवतो, सर्व्हर मागितलं तर देतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे कोणती मशीन आहेत आणि ‘ऐकायला लावणं’ तुम्हाला कशासाठी हवंय, यावर अवलंबून आहे. त्या ‘कशासाठी’कडे शेवटी येतो, कारण बहुतेक ठिकाणी खरी अडचण तिथेच निघते.

आपण सगळे आयपीव्ही४ वर, म्हणजे पत्त्यांच्या जुन्या पद्धतीवर, वाढलो. तिथे डीएचसीपी सर्व्हर म्हणजे घरातला कर्ता माणूस. पत्ता, सबनेट मास्क (आपलं नेटवर्क कुठवर ते सांगणारा), गेटवे (बाहेर जायची वाट), डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारा सर्व्हर), सगळं त्याच्याच हातून मिळायचं. तो बंद पडला की मशीन १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता लावून कोपऱ्यात बसायचं आणि फोन यायचा, ‘नेट गेलं’. हेच चित्र डोक्यात ठेवून आपण आयपीव्ही६ कडे येतो आणि तिथे फसतो. डीएचसीपीव्ही६ मध्ये गेटवे सांगायची सोयच नाही. एखाद्या सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ती राहून गेली आहे असं नव्हे, प्रोटोकॉलमध्येच तसा पर्याय नाही. बाहेर जायची वाट मशीनला फक्त राउटरच्या जाहिरातीतून, म्हणजे राउटर ॲडव्हर्टाइजमेंटमधून कळते. पुढे तिला आरए म्हणतो. त्यामुळे ‘आरए बंद करून सगळं डीएचसीपीव्ही६ वर चालवतो’ हा बेत तिथेच संपतो. मी स्वतः पहिल्या वेळी हेच केलं होतं. मशीनवर पत्ता छान दिसत होता, पिंग मात्र एकही जात नव्हता, आणि मी अर्धा दिवस फायरवॉल तपासत बसलो होतो.

आता मशीन चालू झाल्यावर काय होतं ते क्रमाने पाहू. सगळ्यात आधी ते एफई८० ने सुरू होणारा लिंक-लोकल, म्हणजे फक्त त्याच लिंकपुरता (त्या वायर किंवा वायफायपुरता) चालणारा पत्ता स्वतः तयार करतं. त्यासाठी कोणालाही विचारत नाही. हा पत्ता दुसऱ्या कोणाकडे नाही ना, हे लिंकवर विचारून घेतं. मग ‘इथे राउटर आहे का कोणी?’ अशी विचारणा सगळ्या राउटरांना उद्देशून पाठवतं. उत्तर आलं नाही तर साधारण चार-चार सेकंदांच्या अंतराने तीनदा विचारतं. राउटर याला उत्तर देतो, शिवाय अधूनमधून आपणहूनही आरए पाठवत राहतो. गावात दवंडी पिटावी तसा हा प्रकार आहे. ऐकायची त्याने ऐकावी.

या दवंडीत काय असतं हे बारकाईने बघा, कारण सगळा गोंधळ इथून सुरू होतो. वरच्या भागात दोन फ्लॅग असतात. एम म्हणजे ‘डीएचसीपीव्ही६ कडे पत्ते मिळतात’. ओ म्हणजे ‘पत्ते नाहीत, पण डीएनएससारखी इतर माहिती तिथे मिळते’. एम लावला असेल तर ओ असला काय, नसला काय, फरक पडत नाही. त्याच्या खाली प्रीफिक्सची, म्हणजे पत्त्याच्या पुढच्या, नेटवर्कच्या भागाची माहिती येते. प्रीफिक्स एक असू शकतो, चारही असू शकतात, आणि प्रत्येक प्रीफिक्सला स्वतःचे वेगळे दोन फ्लॅग असतात. एल म्हणजे ‘हा प्रीफिक्स याच लिंकवर आहे, शेजाऱ्याशी थेट बोला’. ए म्हणजे ‘या प्रीफिक्समधून स्वतःचा पत्ता बनवायला हरकत नाही’. स्वतः पत्ता बनवण्याच्या या पद्धतीला स्लॅक म्हणतात.

एम आणि ए यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. एक वरच्या मजल्यावरचा, दुसरा खालच्या. एम लावला म्हणून ए आपोआप उतरत नाही. बहुतेक राउटरवर ए मुळातच लावलेला असतो, तुम्ही वर एमची भर घातलीत. म्हणजे तुमच्या राउटरने एकाच दमात दोन गोष्टी सांगितल्या: ‘सर्व्हरकडे पत्ता मिळेल’ आणि ‘स्वतः बनवलात तरी चालेल’. विंडोजने दोन्ही केल्या. सर्व्हरकडून एक घेतला, स्वतः एक स्थिर पत्ता बनवला आणि एक तात्पुरता. हे झाले तुमचे तीन. त्यात विंडोजचा काही दोष नाही, तिने दवंडी शब्दशः पाळली.

तो तिसरा, तात्पुरता पत्ता जरा समजून घ्या, तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास तोच देणार आहे. सुरुवातीच्या काळात मशीन आपल्या मॅक ॲड्रेसवरूनच (नेटवर्क कार्डाच्या क्रमांकावरूनच) आयपीव्ही६ पत्त्याचा मागचा अर्धा भाग बनवायचं. त्यामुळे लॅपटॉप घरी असो वा कॅफेत, मागचा भाग तोच, आणि माणसाचा माग काढणं सोपं. म्हणून अधूनमधून बदलणारे तात्पुरते पत्ते आले. त्यांचं सध्याचं मानक २०२१ चं, आरएफसी ८९८१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज). त्यानुसार असा पत्ता साधारण एक दिवस नव्या कनेक्शनसाठी वापरला जातो आणि दोन दिवसांनी कायमचा जातो. आणि मशीनकडे अनेक पत्ते असताना बाहेर जाताना कोणता वापरायचा, याच्या नियमांत तात्पुरत्याला पसंती आहे. म्हणजे तुमच्या सर्व्हरने दिलेला पत्ता मशीनवर शोभेला आहे, ब्राउझिंग सगळं तात्पुरत्या पत्त्यावरून चाललंय. लीजची, म्हणजे सर्व्हरने मुदतीवर दिलेल्या पत्त्यांची, यादी बघून ‘अमुक वाजता कोण कुठे गेलं’ शोधायला बसलात तर हाती काही लागणार नाही.

‘पण एम फ्लॅग म्हणजे आदेश ना?’ असं तुम्ही विचाराल. एके काळी भाषा तशी होती. १९९८ च्या आरएफसी २४६२ मध्ये एम दिसला की मशीनने डीएचसीपीकडे जावं, असा सूर होता. २००७ मध्ये आरएफसी ४८६२ आला तेव्हा एम आणि ओचा तो मजकूरच काढून टाकला. सोबतच्या आरएफसी ४८६१ मध्ये फ्लॅगचा अर्थ उरला तो इतकाच: ‘पत्ते डीएचसीपीव्ही६ कडे उपलब्ध आहेत’. उपलब्ध आहेत म्हणजे घेतलेच पाहिजेत असं नाही. या जागेत प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमने आपापला संसार मांडला. एम आधी लावलेला असून नंतर काढला तर काय? कोणी लीज संपेपर्यंत पत्ता ठेवतं, कोणी लगेच सोडून देतं. आरए अजिबातच आली नाही तर डीएचसीपीव्ही६ करून बघायचं का? मानक म्हणतं, बघू शकता. त्यामुळे कोणी बघतं, कोणी गप्प बसतं.

लिनक्समध्ये आणखी एक गाठ आहे. स्लॅकचं काम कर्नेल (सिस्टिमचा गाभा) करू शकतो, पण एम आणि ओ बघून डीएचसीपीव्ही६ चालवणं कर्नेलच्या अखत्यारीत येत नाही. ते नेटवर्क मॅनेजर किंवा सिस्टिमडी-नेटवर्कडीसारख्या प्रोग्रामने करायचं. आणि जिथे आरए कर्नेलच हाताळतो, तिथे त्या मशीनवर पॅकेट फॉरवर्डिंग (दुसऱ्यांची पॅकेट पुढे पाठवणं) सुरू केलं की कर्नेल समजतो, ‘मी आता राउटर, मी कशाला दुसऱ्याच्या दवंडीकडे लक्ष देऊ?’ आरएमधून शिकलेली बाहेरची वाट गायब होते, पत्ता मात्र काही काळ दिसत राहतो. कंटेनर किंवा व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सर्व्हरवर हे हमखास घडतं, कारण फॉरवर्डिंग त्यांनाच लागतं. उपाय एका ओळीचा आहे: त्या इंटरफेसचं ‘अॅक्सेप्ट आरए’ १ वरून २ करायचं. पण ती ओळ सापडेपर्यंत माणूस केबल, स्विच, राउटर, नशीब, सगळ्यांना दोष देऊन मोकळा होतो.

आता फोन. अँड्रॉइड डीएचसीपीव्ही६ कडून एकेक पत्ता घेतच नाही. ही त्रुटी नव्हे, जाणूनबुजून घेतलेला निर्णय आहे आणि त्यावर २०१२ पासून वाद चालू आहे. त्यांचं म्हणणं असं: सर्व्हरने मोजून एकच पत्ता दिला, तर फोनला हॉटस्पॉट करताना किंवा इतर काही सोयींसाठी जास्त पत्ते लागतील ते आणायचे कुठून? मग पुन्हा पत्ते भाषांतरित करण्याचे आयपीव्ही४ चेच जुने खेळ सुरू होतील. २०१६ चा आरएफसी ७९३४ हीच बाजू मांडतो की मशीनला हवे तितके पत्ते मिळायला हवेत. प्रशासकांचा राग असतो की माझं नेटवर्क, मी ठरवीन. मला दोन्ही बाजू कळतात. पण रागाने फोन बदलत नाही. ए काढून फक्त एम ठेवलात तर अँड्रॉइडला आयपीव्ही६ चा बाहेरचा पत्ता मिळणारच नाही. तुमच्याकडे आयपीव्ही४ ही आहे, म्हणून फोन निमूट त्यावर चालेल आणि कोणाची तक्रारही येणार नाही. फक्त ‘आम्ही आयपीव्ही६ राबवलं’ असं अहवालात लिहाल तेव्हा होस्टेल त्यातून वगळावं लागेल. हेच फोन बाहेर मोबाइल डेटावर मात्र आयपीव्ही६ उत्तम चालवतात, कारण मोबाइल नेटवर्क प्रत्येक फोनला आख्खा /६४ प्रीफिक्स (पहिले ६४ बिट नेटवर्कचे, बाकीचे फोनचे) आरएमधूनच देतं.

ॲपलचं तसं नाही. मॅक २०११ मधल्या लायनपासून डीएचसीपीव्ही६ बोलतो, आयफोनही बोलतो. विंडोजची अडचण वेगळीच होती. आरएमधून येणारी डीएनएसची माहिती तिला २०१७ च्या क्रिएटर्स अपडेटपर्यंत समजत नव्हती. म्हणून कोपऱ्यात कुठे जुनी विंडोज मशीन असतील तर डीएनएस दोन्हीकडून द्या: आरएमध्येही लिहा आणि ओ लावून डीएचसीपीव्ही६ मधूनही. दोन्हीकडे सर्व्हर एकच असले म्हणजे झालं.

तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं? आधी ‘एकच पद्धत सगळीकडे’ हा हट्ट सोडला असता. ठरवायचं ते व्हीएलएएननुसार, म्हणजे नेटवर्कच्या प्रत्येक वेगळ्या भागानुसार.

लॅबमधली मशीन तुमची आहेत, त्यांवर काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे. तिथे एम लावा आणि प्रीफिक्सचा ए काढा. फक्त ए काढा, प्रीफिक्सची आख्खी नोंद काढू नका. ही चूक मी दोन ठिकाणी निस्तरली आहे. डीएचसीपीव्ही६ पत्ता देतं, पण त्यासोबत सबनेटची लांबी देत नाही. ‘शेजारी याच लिंकवर आहे’ हे मशीनला प्रीफिक्सच्या एल फ्लॅगवरूनच कळतं. नोंदच नसेल तर शेजारच्या टेबलावरच्या मशीनशी बोलायलाही पॅकेट राउटरला वळसा घालून जातं. नेट चालतं, म्हणून कोणी बघत नाही, आणि मग लॅबमध्ये चाळीस मशीनवर एकदम इमेज (आख्ख्या डिस्कची नक्कल) ओतायला घेतली की राउटर धापा टाकतो.

इमेजचा विषय निघालाच आहे तर सांगतो. डीएचसीपीव्ही६ सर्व्हर मशीनला मॅक ॲड्रेसवरून ओळखत नाही. मशीनच्या डिस्कवर साठवलेल्या डीयूआयडी नावाच्या ओळखीवरून ओळखतो. एकाच मशीनची हुबेहूब नक्कल सगळ्यांवर टाकली तर ओळखही तीच टाकली जाते, आणि सर्व्हरच्या लीजचा असा काही गुंता होतो की सोडवता सोडवत नाही. नक्कल करण्याआधी डीयूआयडी पुसा. मॅकवरूनच आरक्षण करायची सवय असेल तर रिले (मशीनची मागणी सर्व्हरपर्यंत पोचवणारा राउटर) मॅक पुढे पाठवतो का ते पाहा. २०१३ च्या आरएफसी ६९३९ ने ती सोय केली आहे.

होस्टेल आणि पाहुण्यांच्या वायफायवर ए राहू द्या, एम काढा, ओ ठेवा. तिथली मशीन तुमची नाहीत, त्यांना शिस्त लावायला जाऊ नका. प्रीफिक्स मात्र /६४ चाच हवा. जागा वाचवायला कोणी /८० किंवा /१२० केलं तर वायफाय आणि इथरनेटवर स्लॅक मुकाट बंद पडतं, कारण मागचा भाग ६४ बिटांचा धरलेला असतो आणि बेरीज १२८ झाली नाही तर मशीन तो प्रीफिक्स सोडून देतं. आयपीव्ही४ च्या टंचाईत वाढलेल्या हाताला हा मोह होतो. सर्व्हरांना पत्ते हाताने द्या, ए आणि एम दोन्ही काढा, गेटवे आरएमधून घेऊ द्या किंवा तोही हाताने लिहा.

हे बदल करताना एक खोड लक्षात ठेवा. ए काढलात म्हणून आधी बनवलेले पत्ते जात नाहीत. मशीनने ते मागच्या दवंडीत सांगितलेल्या मुदतीवर बनवलेत आणि मानकातली मूळ मुदत ३० दिवसांची आहे, त्यातले पहिले ७ दिवस पसंतीचे. ए नसलेली नवी दवंडी आली की मशीन पत्ता बनवण्यापुरती ती नोंद सोडून देतं, जुना पत्ता तसाच राहतो. सोमवारी बदल केला आणि शुक्रवारीही जुने पत्ते दिसतात, ते यामुळे. म्हणून आधी काही तास ए ठेवूनच पसंतीची मुदत शून्य करा. म्हणजे नवी कनेक्शनं त्या पत्त्यांवरून सुरू होत नाहीत. वैध मुदतही कमी करा, पण ती एका फटक्यात दोन तासांखाली जात नाही. कोणी खोटी आरए पाठवून सगळ्यांचे पत्ते एका क्षणात मारू नयेत म्हणून हे कुंपण घातलेलं आहे. ते पत्ते ओसरले की मग ए काढा. लॅबमध्ये हे सगळं नको असेल तर रात्री सगळी मशीन बंद करून सकाळी चालू करा, तेवढंही पुरतं.

खोट्या आरएवरून आठवलं. एका ऑफिसात दर मंगळवारी दुपारी नेट अर्धवट जायचं, काही साइट उघडायच्या, काही नाही. आठवडाभर वायफायला शिव्या घातल्यावर कळलं की मंगळवारी येणाऱ्या एका माणसाच्या लॅपटॉपवर इंटरनेट शेअरिंग चालू राहिलेलं होतं आणि तो लॅपटॉप स्वतःच राउटर असल्याची दवंडी पिटत होता. निम्म्या मशीननी त्याचंच ऐकलं. आरएवर सगळा कारभार चालतो, तर आरए कोणी पाठवायची यावर पहारा हवाच. स्विचवर आरए-गार्ड चालू करा, ज्या पोर्टवर खरा राउटर आहे तेवढा सोडून बाकी सगळीकडे. सुरुवातीला करायची एकच गोष्ट विचाराल तर मी हीच सांगेन, एम-ए च्या आधी.

आता ते ‘कशासाठी’. माझा अंदाज, तुम्हाला सर्व्हरचाच पत्ता हवाय तो नोंदींसाठी. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या (केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि प्राचार्यांनी तुम्हाला विचारलं असणार, ‘उद्या पोलिसांनी विचारलं तर नाव सांगता येईल ना?’ त्यासाठी डीएचसीपीची लीज हा दिसायला सोपा पण कच्चा पुरावा आहे. हाताने पत्ता टाकणारा त्यात येत नाही, अँड्रॉइड येत नाही. शिवाय अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन मुळातच वायफायला बनावट मॅक दाखवतात, म्हणजे मॅकवरून माणूस सापडेल हेही आता धरून चालता येत नाही. मी दोन गोष्टी जोडतो. राउटरची नेबर टेबल, म्हणजे कोणता आयपीव्ही६ पत्ता कोणत्या मॅकवर आहे, ती दर पाच मिनिटांनी उचलून साठवायची. आणि वायफायला ८०२.१एक्सचं (प्रत्येकाचं वेगळं) लॉगिन ठेवून ते तपासणाऱ्या रेडियस सर्व्हरच्या नोंदीतून कोणतं युजरनेम कोणत्या मॅकवर होतं ते घ्यायचं. दोन्ही वेळेनुसार जुळवलं की पत्ता कोणी बनवला याने फरक पडत नाही, स्लॅक असो, डीएचसीपी असो, हाताने टाकलेला असो. सगळ्या यंत्रांची घड्याळं एनटीपीने जुळलेली असू द्या, नाहीतर ही जुळवाजुळव वाया जाते. २०२४ अखेरीस आरएफसी ९६८६ आला आहे, त्यात मशीनने स्वतः बनवलेला पत्ता डीएचसीपीव्ही६ सर्व्हरकडे फक्त नोंदवायची सोय आहे. कल्पना मला आवडली, पण तिच्या भरवशावर आज होस्टेल चालवू नका.

त्याच सुमारास आलेला आरएफसी ९६६३ जरा वेगळ्या वाटेने जातो: फोनला एक पत्ता देण्याऐवजी डीएचसीपीव्ही६ मधून आख्खा प्रीफिक्सच देऊन टाकायचा. अँड्रॉइडने या पद्धतीला पाठिंबा द्यायला सुरुवात केली आहे. सर्व्हरला नोंद मिळते, फोनला हवे तितके पत्ते मिळतात, म्हणजे त्या जुन्या भांडणात कोणीच हरत नाही. त्यासाठी कॉलेजकडे भरपूर /६४ हवेत. तुमच्या पुरवठादाराने एकच /६४ टेकवला असेल तर आधी त्याच्याशी भांडा. /४८ मागा, संस्थेला तो मागणं अजिबात जास्तीचं नाही.

पुढचं बोलण्याआधी एक करा. लॅब आणि होस्टेल, दोन्हीकडे वायरशार्क (पॅकेट पकडून दाखवणारा प्रोग्राम) लावून आयसीएमपीव्ही६ चं १३४ क्रमांकाचं पॅकेट पकडा. तीच आरए. तिच्यात एम, ओ, प्रत्येक प्रीफिक्सचे ए आणि एल, दोन्ही मुदती, आणि पाठवणारा नेमका कोणता लिंक-लोकल पत्ता आहे, एवढं इथे लिहा. पाठवणारे दोन निघाले तर बाकीचं सगळं बाजूला ठेवून आधी तो दुसरा शोधा.